ठकी, बंड्या आणि दिघेबाई

दिघेबाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली होते आणि त्यांनी माझ्याकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या इमारतीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. सकाळी ऑफिसला निघाले, जिना उतरून आवारात पाऊल टाकलं आणि वरून भसकन बादलीभर पाणी अंगावर आलं. इस्त्रीची साडी, पर्स, सगळं चिंब. वर बघते तर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत सोसायटीच्या सेक्रेटरींच्या पत्नी, कारखानीसवहिनी, रिकामी बादली धरून उभ्या. "अय्या, तुम्ही मध्येच कुठे आलात? मी त्या मांजरांवर टाकत होते. केवढी मारामारी चाललीय मेल्यांची!"

मी तोंड उघडणार एवढ्यात शिट्टी वाजली. खरीखुरी, मैदानावरची, कानठळ्या बसवणारी शिट्टी. तळमजल्याच्या दारात एक उंच, काटकुळी, पांढऱ्या बॉबकटची म्हातारी उभी होती. सलवार-कमीज, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात ती शिट्टी. "पाणी कोणी टाकलं? कारखानीसवहिनी, देवानं डोळे दिलेत ना तुम्हाला? मारामारी कुठली आणि खेळ कुठला एवढं कळत नाही?" मी म्हटलं, "अहो बाई, भिजलेय मी!" त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "तू वाळशील गं. ती दोघं आता कितीतरी दिवस इथे खेळायला यायची नाहीत."

माझं टाळकंच सरकलं. मी लालबागची, चाळीत वाढलेली. आवाज चढवायला मला कोणी शिकवावं लागलं नाही. मी त्यांना तिथेच जे काही बोलायचं ते बोलून घेतलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, आत गेल्या, एक टॉवेल आणून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आवाज छान आहे तुझा. खो-खो खेळलीस का कधी?" आमची ओळख झाली ती अशी.

शरयू दिघे दादरच्या एका मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई होत्या. अख्खा जन्म त्यांनी मुलींना खो-खो आणि लंगडी शिकवण्यात घालवला होता. लग्न केलं नाही. "वेळच मिळाला नाही. स्पर्धा असायच्या," असं सांगायच्या, आणि ते खोटं नसावं. निवृत्त झाल्यावर मैदान सुटलं, पण शिट्टी सुटली नाही. आवारातल्या मीटरच्या पेटीमागे कुठल्यातरी मांजरीनं टाकून दिलेली दोन पिल्लं त्यांना सापडली. ठकी पांढरीशुभ्र, शेपटीला तेवढा काळा झुबका. तिचा भाऊ बंड्या पिवळ्या पट्ट्यांचा, पुढे वाढून हा एवढा दांडगा बोका झाला. बाईंनी दोघांना ड्रॉपरनं दूध पाजून वाढवलं, वेळेवर दोघांची ऑपरेशनं करून आणली, आणि मग उरलेलं आयुष्य त्यांचा खेळ बघण्यात घालवायचं ठरवलं.

बघण्यात म्हणजे तुम्ही-आम्ही बघतो तसं नाही. पंचासारखं. सकाळी चहाचा कप घेऊन त्या दारातल्या पायरीवर बसायच्या. समोर ठकी-बंड्या एकमेकांच्या मानगुटीला धरून लोळत असायचे. मला वाटायचं, आता एकाचा कान तुटतो. "घाबरू नकोस," बाई म्हणायच्या. "आवाज येतोय का? नाही ना? भांडणारं मांजर ओरडतं. खेळणारं गप्प असतं, त्याचं लक्ष खेळात असतं. कान बघ, कान. मागे चपटे झाले की समज बिनसलं." मग बंड्या एवढा मोठा धटिंगण असून स्वतःहून पाठीवर पडायचा आणि ठकी त्याच्या छातीवर चढायची. "बघितलंस? अंगानं दुप्पट आहे, पण आडवा पडला. कारण सारखं हरवलं तर ती उद्या खेळायला येणार नाही, एवढी अक्कल त्या बोक्याला आहे. माझ्या शाळेच्या हेडबाईंना नव्हती."

पकडापकडीतही तसंच. बंड्या धावायचा, ठकी पाठीमागे. मधेच दोघं थबकायची, आणि दुसऱ्या क्षणाला ठकी पुढे, बंड्या पाठीमागे. बाई मांडीवर थाप मारून ओरडायच्या, "खो!" एखाद्या दिवशी बंड्याकडून दात जरा जोरात लागला की शिट्टी वाजायची, "फाउल!" आणि गंमत म्हणजे बंड्या खरोखर थांबायचा. खेळाची त्यांची एक व्याख्या होती, ती त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या: "दोघांनाही थांबता येतं, त्याला खेळ म्हणायचं. एकालाच थांबता येत असेल तर त्याला दुसरं नाव आहे."

एकदा संकष्टीच्या दिवशी ठकीनं आवारात उंदीर धरला. धरायची, सोडायची, तो पळाला की पंजानं अडवायची, पुन्हा सोडायची. बायका जमल्या. कारखानीसवहिनींनी तोंडाला पदर लावला. "काय हा क्रूरपणा! आणि आज चतुर्थी! गणपतीचं वाहन ते!" बाई ताडकन म्हणाल्या, "क्रूर नाही हो, भित्री आहे ती. उंदीर चावतो. डोळ्याला चावला तर ही जन्माची बाद. म्हणून आधी त्याला दमवते, मग मान धरते. भूक असेल तर लवकर उरकते, उंदीर मोठा असेल तर लांबवते. तिला तुमच्यासारखा रिकामा वेळ नाही." वहिनींनी ऐकलं नाही. झाडू आणला, ठकीला हाकललं, आणि त्या वाहनाला सन्मानानं मोकळं केलं. वाहन थेट जिन्यानं वर गेलं ते कारखानिसांच्या स्वयंपाकघरात. चंद्रोदयापर्यंत वहिनी मोदक सोडून ओट्याखाली काठी घालत होत्या. आमच्या ह्यांनी हसू दाबायला रुमाल तोंडात कोंबला. बाई मात्र हसल्या नाहीत. "तिचा डाव मोडला," एवढंच म्हणाल्या, आणि ठकीला मांडीवर घेऊन बसल्या.

खेळणी त्या स्वतः करायच्या. जुन्या बुटाची नाडी, साडीचा गोंडा, कबुतराचं पडलेलं पीस, चॉकलेटचा चुरचुरणारा कागद. एक खेळणं एका दिवशी काढलं की चार दिवस डब्यात. "रोज तेच दिलं की मांजर समजतं हे मेलंय. थोडं बदललं, रंग बदलला, की पुन्हा जिवंत होतं." शिवाय प्रत्येक खेळणं असं बांधायच्या की शेवटी ते फाटावं, पिसं सुटावीत. मी विचारलं, "एवढ्या मेहनतीनं करता आणि फाडायला देता?" तर म्हणाल्या, "शेवट नको का? धरलं, फाडलं, जिंकलं. त्याशिवाय तिला घास उतरत नाही." हे सांगताना त्यांच्या हातात एक काठी आणि दोरी असायची, दोरीच्या टोकाला पीस. ती दोरी त्या अशी काही हलवायच्या की मलासुद्धा वाटायचं, जावं आणि झडप घालावी.

त्यांचा पुतण्या अभय महिन्या-दोन महिन्यांनी पुण्याहून यायचा. एकदा त्यानं लाल ठिपक्याची बॅटरी आणली. भिंतीवर ठिपका नाचवायचा, मांजरं वेडीपिशी होऊन त्याच्यामागे उड्या मारायची, आणि तो सोफ्यावर पडून हसायचा. बाईंनी त्याच्या हातातून ती बॅटरी काढून घेतली. "ज्याला कधी धरताच येणार नाही त्याच्या मागे पळवायचं? अभय, ह्याला खेळ म्हणत नाहीत, ह्याला छळ म्हणतात." अभय म्हणाला, "आत्या, मांजर आहे ते. चिल ना." बाईंनी बॅटरी कचऱ्यात टाकली. मला तेव्हाच हा मुलगा आवडला नव्हता. चांगला तिशीचा घोडा, आत्याच्या घरी येतो, पाय पसरून बसतो, आणि चहाचा कपसुद्धा उचलून मोरीत ठेवत नाही.

इथपर्यंत मी जरा हसत लिहिलं. आता पुढचं लिहायचं म्हटलं की माझं डोकं फिरतं, आणि ते फिरू दे.

कारखानिसांनी नवी गाडी घेतली. गाडीच्या बॉनेटवर पावलांचे ठसे उमटायला लागले. मग त्यांच्या नातवाला ओरखडा आला. नातवानं ठकीची शेपटी धरून ओढली होती हे आवारात बसलेल्या आम्ही तिघी बायकांनी पाहिलं होतं, पण सेक्रेटरींचा नातू म्हटल्यावर आमचं पाहणं काय कामाचं? सोसायटीच्या मिटिंगमध्ये विषय आला, मांजरांचा उपद्रव. कारखानीस म्हणाले, "अहो दिघेबाई, रोज मारामाऱ्या करतात ती, लहान मुलांसमोर. उंदीर हाल हाल करून मारतात. मुलांवर काय संस्कार होणार?" बाई उभ्या राहिल्या. "कारखानीस, तुमची मुलं मोबाइलवर माणसं मारतात, ते आधी बघा. ही दोघं माझी आहेत. माझ्या दारात राहतात, माझ्या हातचं खातात. मी जिवंत आहे तोवर इथून हलणार नाहीत." घरातलं जनावर असं उचलून बाहेर टाकता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. कारखानिसांनाही होतं.

पुढच्या पावसाळ्यात बाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, बरेच दिवस हॉस्पिटलात राहावं लागलं. मी रोज ऑफिसमधून परस्पर तिकडे जायचे, त्यांना भात-आमटी भरवायचे. आणि तरीही घराची किल्ली त्यांनी अभयला दिली. "रक्ताचं माणूस आहे, सुनीता. त्यालाही जरा वाटू दे." मला राग आला, खोटं कशाला बोलू? भात मी भरवणार आणि किल्ली त्या उंडग्याला! पण आजारी माणसाशी काय भांडायचं? अभय येऊन राहिला, मांजरांना वाटीभर कोरडं खाणं टाकायचा. बाई रोज विचारायच्या, "खेळतायत का दोघं?" मी सांगायचे, "हो, सकाळीच बघितलं."

आणि एका संध्याकाळी बघते तर पायरीवर बंड्या एकटाच. अभय म्हणाला, "दुसरी पळाली कुठेतरी." मी आवार धुंडाळलं, मागची गल्ली, गॅरेज, सगळं. दोन दिवस गेले. मग तिसऱ्या दिवशी हा शहाणा माझ्याच घरी, माझ्याच हातचा चहा पीत, हसत हसत सांगतो काय? "काकू, शोधू नका हो आता. कारखानीसकाकांनी आणि मी तिला नीट जागी सोडलंय. मासळीबाजारात. तिथे काय, मजाच मजा! दोघांनाही नेणार होतो, पण तो बोका माळ्यावर चढला. ती मात्र फार सोपी गेली. आत्याची ती पिसाची दोरी टोपलीत हलवली. उडी मारून आत आली. झाकण लावलं."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. लालबागच्या आमच्या मजल्यावर ज्या शिव्या ऐकल्या होत्या त्या सगळ्या आठवल्या. "मेल्या, ती खेळायला आली होती रे! तुला काही वाटलं नाही?" तो खरंच गोंधळून बघत राहिला. आणि कारखानीस? त्यांच्या दारावर मी जाऊन थाप मारली, तर ते बनियनवर बाहेर आले आणि अगदी समजुतीच्या स्वरात म्हणाले, "वहिनी, चिडू नका. मी काही दुष्ट माणूस आहे का? मारलं असतं तर वेगळं. अहो, स्वर्गात सोडलंय तिला! पापलेट, सुरमई, बांगडा, नुसता ढीग!"

आणि सगळ्यात संताप कशाचा, तर ते मनापासून बोलत होते. आमच्याकडे हे असंच चालतं. मांजर नकोसं झालं, पिल्लं जास्त झाली की पिशवीत घालायची आणि मासळीबाजारात सोडून यायचं, वर पुण्य केल्याच्या थाटात घरी येऊन आंघोळ करायची. कारखानीस स्वतः दर रविवारी बाजारात जातात तेव्हा त्यांच्या तोंडाला पाणी सुटतं, म्हणून मांजरालाही सुटणार. ज्या मांजरानं जन्मात आवाराबाहेर पाऊल टाकलं नाही, बाईंच्या हातचं उकडलेलं खाल्लं, त्याला त्या गोंगाटात, त्या चिखलात, कोयत्यांच्या आवाजात सोडायचं आणि म्हणायचं, मजा कर.

मी त्याच रात्री बाजारात जाऊन आले, दुसऱ्या दिवशी आमच्या ह्यांना घेऊन गेले. नाही सापडली. बाईंपासून लपवायचं असं घरात सगळे सांगत होते. हॉस्पिटलात तेवढे दिवस मी विषय टाळला, पण पुढे लपवलं नाही. डॉक्टरांनी घरी सोडलं त्या दिवशी टॅक्सीतच सांगितलं. दोरीचं ऐकल्यावर बाई म्हणाल्या, "माझी दोरी?" आणि मग टॅक्सीवाल्याला म्हणाल्या, "भाऊ, घरी नको. मासळीबाजारात घ्या."

तो देखावा मी मरेपर्यंत विसरणार नाही. वॉकर धरून ती बाई ओल्या फरशीवरून एक एक पाऊल टाकतेय, एका हातात माझ्या ओढणीची सुटी केलेली किनार, ती जमिनीवर सरपटवतेय, आणि हाक मारतेय, "ठके! ए ठके, ये गं!" गिऱ्हाइकं हसत होती. एकानं फोन काढून शूटिंग सुरू केलं, त्याचा फोन मी हातानं खाली केला. शेवटी एका कोळणीनं आम्हाला तिच्या स्टुलावर बसवलं. "बाय, पांढरी? शेपटीला काली? आलती ना. त्या बर्फाच्या पेटीखाली घुसून बसली व्हती. मी बांगड्याचं डोकं टाकलं, तिनं तोंड लावला नाय. इथले बोके नव्याला उभा करत नाय गो. लय मारली तिला. मग दिसली नाय." कोयता बाजूला ठेवत ती म्हणाली, "रोज कोन ना कोन पिशवी सोडून जातंय. लोकांना वाटतंय, मासली हाय, जगेल. भेदरलेला जीव खातंय व्हय?"

बाई घरी आल्या. बंड्या दारातच होता. तो त्यांच्या पिशवीत डोकं घालून आला, पलंगाखाली बघून आला, मग पायरीवर जाऊन बसला. पुढे कितीतरी दिवस तो डब्यातलं एखादं खेळणं तोंडात धरून आणायचा, आवारात जिथे दोघं लोळायची तिथे टाकायचा, आणि वाट बघायचा. बाईंनी दोरी हलवली तर नुसता बघायचा. अभयला त्यांनी त्याच दिवशी किल्ली ठेवून जायला सांगितलं. "आत्या, एका मांजरासाठी?" तो म्हणाला. बाई म्हणाल्या, "हो. एका मांजरासाठी." त्यांच्या तोंडून त्याच्याविषयी पुन्हा कधी शब्द ऐकला नाही.

नंतरच्या मिटिंगला त्या वॉकर घेऊन आल्या. मला वाटलं, ओरडतील, शिट्टी फुंकतील. आवाज अगदी खाली होता. "कारखानीस, तुम्ही तिला हाकलली असतीत, काठी मारली असतीत, तर ती पळाली असती. पळायचं कसं हे तिला येत होतं. तुम्ही तिला खेळायला बोलावलंत. खेळात कोणी फसवत नाही असं तिला वाटायचं, कारण मी आणि तिच्या भावानं तिला कधी फसवलं नव्हतं. तिचा तो समज वापरलात तुम्ही. आयुष्यभर मी मुलींना खेळ शिकवला, त्यात एवढी नीच खेळी मी पाहिली नाही." कोणी म्हणालं, "बाई, झालं गेलं." त्या माणसाकडे बाईंनी असं बघितलं की तो खाली बसला.

कारखानिसांना मात्र टोचणी लागली असावी, किंवा गल्लीत लोक बोलायला लागले होते ते झोंबलं असावं. एका रविवारी ते बाईंच्या दारात आले, हातात मोठं खोकं. मी तिथेच भाजी निवडत बसले होते. खोक्यात दुकानातून आणलेलं मांजराचं पिल्लू होतं, राखाडी, केसाळ, नकटं, आणि सोबत प्लॅस्टिकच्या उंदरांचं पाकीट. "घ्या बाई. जातिवंत आहे. आता राग सोडा." माझ्या ओठांवर आलं होतं, "तोंड वर करून येता तरी कसे?" पण बाईंनी हात वर केला. पिल्लाला उचललं, पोट चाचपलं. "आईपासून फार लवकर तोडलंय ह्याला," म्हणाल्या. मग कारखानिसांकडे बघून, "ह्याला ठेवीन. ह्याचा काही दोष नाही. पण तुम्हाला माफ केलं असं समजू नका. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत." कारखानीस कसंनुसं हसले. "चेष्टा करता बाई." "मी खेळाच्या बाबतीत चेष्टा करत नाही," बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

पिल्लाला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. भावंडांत लोळलंच नव्हतं ना. पंजा मारायचं तर नखं बाहेर काढून, चावायचं तर कडकडून. बाईंच्या हातावर ओरखडेच ओरखडे. बंड्यानं आधी कितीतरी दिवस त्याला फिस्कारून हाकललं. मग एकदा पिल्लू जोरात चावलं, बंड्यानं त्याला एका पंजानं दाबून धरलं, सोडलं, उठून चालता झाला. पिल्लू मागे मागे. पुन्हा चावलं, पुन्हा तो उठून गेला. असं होता होता ते हळू चावायला शिकलं. आणि एका सकाळी तो एवढा थोरला बोका त्या मुठीएवढ्या पिल्लासमोर पाठीवर आडवा पडला. बाईंनी माझा हात घट्ट धरला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "शिकवतोय गं तो त्याला. ठकीशी खेळायचा तसंच."

मला वाटलं, आता मन निवळलं असेल. मी म्हटलं, "बाई, ह्या निमित्तानं तरी..." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "सुनीता, नीट ऐकून ठेव. मी गेले की हा माणूस उठून बोलेल. म्हणेल, बाईंचं मन मोठं होतं, त्यांनी मला क्षमा केली. लोकांना मेलेल्या बाईचं मन मोठं करायची फार घाई असते. तेव्हा तू गप्प बसायचं नाहीस. आवाज छान आहे तुझा." मी म्हटलं, "असं काय बोलता?" "वचन दे." मी दिलं.

पुढच्या थंडीत त्या झोपेतच गेल्या. मांजरं माझ्याकडे आली. आमच्या ह्यांनी कुरकुर केली नाही, केली असती तरी मी ऐकणार नव्हते. सोसायटीनं आवारात खुर्च्या मांडून शोकसभा ठेवली. बाईंच्या कितीतरी विद्यार्थिनी आल्या होत्या, पांढऱ्या केसांच्या, खणखणीत आवाजाच्या. आणि बाई म्हणाल्या होत्या अगदी तसंच झालं. कारखानीस उठले, चष्मा पुसला. "दिघेबाई म्हणजे विशाल अंतःकरण. आमच्यात मध्यंतरी एक गैरसमज झाला होता. पण मी दिलेलं पिल्लू त्यांनी पोटाशी धरलं आणि मोठ्या मनानं मला क्षमा केली..."

मी उभी राहिले. "नाही केली."

माना वळल्या. "कारखानीस, त्यांनी तुम्हाला क्षमा केली नाही. गैरसमजही नव्हता. त्यांच्या मांजरीला तुम्ही खेळायला बोलावून टोपलीत कोंडलंत आणि बाजारात टाकून आलात. ती पुन्हा कधी सापडली नाही. पिल्लू त्यांनी ठेवलं, कारण त्याचा दोष नव्हता. हे त्यांनी मला सांगायला सांगितलं होतं, म्हणून सांगतेय." कारखानीसवहिनी पुटपुटल्या, "अगं, मेलेल्या माणसाच्या सभेत तरी..." मी म्हटलं, "मेलेल्या माणसाचंच सांगतेय. तुम्ही लोक बाईंच्या तोंडी भलतंच घालताय." मागच्या खुर्चीवरची एक विद्यार्थिनी मोठ्यानं म्हणाली, "बरोबर आहे!" मग कोणीच भाषण केलं नाही.

सभा संपल्यावर खुर्च्या उचलायच्या गडबडीत कारखानीस माझ्याजवळ आले. एकदम म्हातारे दिसत होते. हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, चुकलं माझं. तेव्हा खरंच कळलं नव्हतं. आता तुम्ही तरी मला माफ करा."

ते मनापासून बोलत होते, हे मला दिसत होतं. एक क्षण मला दयासुद्धा आली. पण मी म्हटलं, "माफी द्यायची ती बाईंनी, कारखानीस, आणि त्या होत्या तेव्हा तुम्ही खोकं घेऊन गेलात. 'चुकलं' हा शब्द तुम्ही त्यांना एकदाही म्हणाला नाहीत. आता तुम्हाला माफ करू शकेल असं कोणी उरलेलं नाही."